डगमग कुणी सोसायची?

गेल्या पावसाळ्यात मी एका छोट्या टॅबलेटसाठी टेबलावर ठेवायचा मजबूत स्टँड शोधत होतो. आठ इंची टॅब, वजन साधारण साडेतीनशे ग्रॅम. काम दहा मिनिटांचं वाटत होतं. सर्च करायचं, रेटिंग बघायचं, ऑर्डर टाकायची. प्रत्यक्षात सात आठवडे लागले, दोन स्टँड वाया गेले आणि शेवटी जो स्टँड टिकला तो मी निवडलेला नव्हताच. या सात आठवड्यांत 'मजबूत' आणि 'चालेल' या दोन शब्दांबद्दल माझे समज बरेच बदलले. त्याबद्दल हा लेख.

मी वांगणीला राहतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी होम लोनचा हप्ता ज्या स्टेशनवर परवडला, ते हे स्टेशन. बदलापूर मागे पडलं की कर्जत लोकलचा डबा जरा श्वास घेतो, खिडकीतून डोंगर दिसायला लागतात आणि मग आपलं गाव येतं. आठवड्यातले दोन दिवस ऐरोलीला ऑफिस, उरलेले तीन दिवस घरून काम.

वांगणी बाहेरच्या लोकांना दोन गोष्टींमुळे माहीत असते. एक म्हणजे इथलं आकाश. शहराचा उजेड कमी, म्हणून मुंबईचं खगोल मंडळ रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम इथे करत आलं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे इथे मोठ्या संख्येने राहणारी दृष्टिहीन कुटुंबं. भाडं कमी आणि रेल्वे जवळ, ही त्यामागची साधी कारणं. त्यांतल्या अनेकांचं पोट लोकलवरच चालतं. पेनं, किचेन, कार्डाची कव्हरं घेऊन डब्यातून फिरायचं. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली तेव्हा आमच्यासारख्यांचं वर्क फ्रॉम होम सुरू झालं आणि त्यांचं वर्कच गेलं.

माझ्या खालच्या मजल्यावर असेच एक काका राहतात. त्यांचं नाव इथे येणार नाही, ती त्यांची अट आहे. दुसरी अट अशी, की "बिचारा वगैरे लिहू नकोस". ती पाळायचा प्रयत्न करतोय.

पत्र

काकांकडे आलेली पत्रं मी वाचून दाखवायचो. लाइट बिल, मुलीच्या कॉलेजची नोटीस, औषधाच्या पाकिटावरची तारीख. मला त्यात बरं वाटायचं, हे कबूल करतो. पाच मिनिटांचं काम आणि दिवसभर आपण चांगले आहोत ही भावना.

एकदा बँकेचं पत्र वाचताना मी मध्येच थांबलो. पुढची ओळ थकलेल्या हप्त्याबद्दल होती. काका म्हणाले, "वाच. थांबलास म्हणजे वाईट आहे, ते कळलंच मला." मी वाचलं. मग ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तू चांगला आहेस रे. पण माझ्या घरात काय चाललंय ते आधी वरच्या मजल्यावर कळतं, मग मला."

या वाक्याचा मला आधी राग आला. मी मदत करतोय आणि वर हे ऐकायचं? रात्री लक्षात आलं की तक्रार माझ्याबद्दल नव्हती. मी माझा सॅलरीचा मेसेज कुणाला मोठ्याने वाचायला देईन का? माझा मेडिकल रिपोर्ट? आपल्या नावाचं पाकीट आपणच आधी उघडायचं, ही इतकी मूलभूत गोष्ट आहे की ती हक्क आहे हेही आपल्याला कधी सुचत नाही.

माझ्याकडे जुना टॅब पडून होता. छापील कागदाचा फोटो घेऊन मजकूर वाचून दाखवणारी अॅप्स आहेत, मराठीही बऱ्यापैकी वाचतात. काकांनी फोनवर ते करून पाहिलं होतं. अडचण अशी की एका हाताने कागद सरळ धरायचा, दुसऱ्या हाताने फोन अंदाजाने वर धरायचा, आणि मग त्याच हाताने बटण दाबायचं. अर्धा कागद यायचा, नाहीतर मांडीच यायची. म्हणजे हवं होतं काय, तर टॅबला एका जागी घट्ट धरून ठेवणारं काहीतरी. स्टँड. मी म्हटलं, काका, माझ्यावर सोडा.

इथेच पहिली चूक झाली.

दोन स्टँड

पहिला स्टँड घडीचा, प्लास्टिकचा, २४९ रुपयांचा. साडेचार हजार लोकांनी त्याला चारच्या वर स्टार दिले होते. मी पंचवीस-तीस रिव्ह्यू वाचले. सगळे व्ह्यूइंग अँगलबद्दल बोलत होते. झोपून सिनेमा बघायला किती अंशात ठेवता येतो, स्वयंपाक करताना रेसिपी नीट दिसते का. मीही त्याच निकषावर तुलना करत बसलो. माझा बेत असा, की टॅब टेबलावर उभा ठेवायचा, कागद समोरच्या भिंतीला टेकवायचा आणि मागच्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा.

स्टँड नेऊन दिला आणि अभिमानाने सांगितलं, "काका, याचे सहा अँगल होतात."

काका म्हणाले, "मला अँगल कशाला?"

ते हसले, मी हसलो. पण जो माणूस स्क्रीनकडे बघतच नाही त्याच्यासाठी मी तासभर बघण्याचे कोन मोजले होते. काका तर टॅबचा डिस्प्ले काळाच ठेवतात. स्क्रीन रीडरमध्ये तशी सोय असते. बॅटरी वाचते, आणि शेजारी बसलेल्याला काही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी टॅब मागे कोसळला. कारण समजायला मला डोळे मिटून टॉकबॅक चालू करून बघावं लागलं. डोळस माणूस स्क्रीनला हवं तिथे एकदा टॅप करतो आणि हात काढतो. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस काचेवर बोट फिरवत राहतो, बोटाखाली काय आहे ते ऐकतो, हवं ते सापडलं की दोनदा टॅप करतो. म्हणजे टॅबला सतत मागे ढकललं जातं. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोट टेकवून बघितलं. सहज टॅप केला तरी काटा शंभर-दीडशे ग्रॅम दाखवतो.

आता ढोबळ हिशोब. टॅब आणि प्लास्टिकचा स्टँड मिळून अर्धा किलो, म्हणजे पाच न्यूटन. वजनाचा मध्य मागच्या कडेपासून चार सेंटिमीटरवर. स्टँडला उभं ठेवणारी ताकद पाच गुणिले ०.०४, म्हणजे ०.२ न्यूटन-मीटर. आणि वीस सेंटिमीटर उंचीवर शंभर ग्रॅमच्या बोटाने ढकललं की पाडणारी ताकद एक गुणिले ०.२, म्हणजे तेवढीच. तो पडणारच होता. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सचं गणित आहे हे, त्यात मला बरे मार्क होते. पण खरेदी करताना मी गणित केलं नाही, स्टार मोजले.

दुसरा स्टँड ६९९ रुपयांचा. टेबलाच्या कडेला शिकंजासारखा आवळायचा आणि वाकणाऱ्या लांब दांड्यावर टॅब आडवा लटकवायचा. कागद खाली ठेवायचा. कल्पना बरी होती. पण दांडा लांब आणि टोकाला वजन, त्यामुळे हळूहळू वाकत जायचा. सकाळी लावलेला टॅब दुपारी दोन बोटं खाली आलेला असायचा. आणि फोटोचं बटण दाबलं की पूर्ण टॅब थरथरायचा. थरथरत्या फोटोतला मजकूर अॅपला लागत नाही. काका सांगायचे, "काही वाचता येत नाही म्हणतंय." मग मी खाली जायचो, दांडा सरळ करायचो, टॅब धरायचो, आणि टॅब धरला की आपोआप पत्रही माझ्यासमोर यायचं. म्हणजे फिरून तिथेच.

आकाशदर्शनाला एकदा गेलो होतो तेव्हा तिथल्या एका अनुभवी काकांनी नवख्यांना सांगितलेलं आठवतं, की दुर्बिणीला पैसे कमी पडले तरी चालतील, स्टँडला कमी करू नका. भिंग कितीही भारी असलं आणि तिवई हलत असली तर गुरू ग्रह नुसता नाचताना दिसतो. तेव्हा मला ती तांत्रिक टीप वाटली होती.

डगमग जाते कुठे?

दुसरा स्टँड फसल्यावर मी वर येऊन माझ्या टेबलाशी बसलो. माझ्याकडेही अशाच किमतीचा स्टँड आहे, दोन वर्षं वापरतोय, तक्रार नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी चार स्टार दिले असते. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःकडे नीट बघितलं. टॅप करताना माझ्या डाव्या हाताचा अंगठा टॅबच्या मागे टेकलेला असतो. स्टँड घसरायला लागला की मी तो घसरताना बघतो आणि पडायच्या आधी सरळ करतो. दिवसातून किती वेळा ते माहीत नाही, कारण ते माझ्या लक्षातच येत नाही.

म्हणजे माझा स्टँड मजबूत नव्हता. मीच त्याचा चौथा पाय होतो.

इंजिनीअरिंगच्या भाषेत याला फीडबॅक म्हणतात. यंत्र भरकटायला लागलं की कुणीतरी ते बघून दुरुस्त करायचं. इथे तो 'कुणीतरी' म्हणजे माझे डोळे आणि माझा रिकामा हात. ते साडेचार हजार रिव्ह्यू खोटे नव्हते. पण त्या प्रत्येक रिव्ह्यूमध्ये लिहिणाऱ्याचे डोळे धरलेले होते, आणि ते कुणी वेगळे मोजले नव्हते.

यावरून मला जे वाटतं ते असं. कुठलीही वस्तू बनवताना कुठेतरी कसर राहते. वजन कमी करायचं असतं, किंमत कमी करायची असते. त्यातून जी डगमग तयार होते ती कुठे नाहीशी होत नाही. ती कुणीतरी सोसतं. कुणी हाताने, कुणी नजरेने, कुणी वेळ घालवून, कुणी शेजाऱ्याला हाक मारून. ज्याला ती सोसणं सोपं आहे त्याला ती दिसतही नाही आणि तो प्रामाणिकपणे म्हणतो, "चालतंय की!" ज्याला अवघड आहे त्याच्या वाट्याला ती पूर्ण येते. म्हणून 'चालेल' हे वाक्य अपुरं आहे. कुणाला चालेल, आणि कुणाच्या जिवावर, हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

तत्त्वज्ञांना आंधळ्या माणसाची काठी फार आवडते. देकार्तने १६३७ मध्ये प्रकाशाबद्दल लिहिताना ती वापरली. माणूस काठीच्या टोकाने जसं 'बघतो' तसं डोळ्याला प्रकाश पोहोचतो म्हणून. पुढे मर्लो-पाँतीने १९४५ च्या पुस्तकात लिहिलं की सवय झालेल्या माणसासाठी काठी वस्तू राहत नाही, ती शरीराचा भाग होते. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. पण चांगली काठी असली तर. सांध्यात खुळखुळणारी काठी शरीराचा भाग होत नाही, डोक्याला ताप होते." मला वाटतं या दुरुस्तीत बरंच काही आहे. वस्तू आपल्याशी एकरूप व्हायला ती आधी भरवशाची लागते. अर्थात त्या दोघा फ्रेंचांना काठी आपापला मुद्दा सांगायला हवी होती. मीही इथे काकांचा टॅब तसाच वापरतोय का, ही शंका मला आहे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वापर. पण स्टँड नीट होईपर्यंत लेख लिहायचा नाही." म्हणून हा लेख उशिरा आला.

स्वस्ताची बाजू

आता दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण माझ्या मुद्द्यात एक उघड भोक आहे. मजबूत वस्तू महाग असते. सगळ्या स्वस्त वस्तूंना अनैतिक म्हणायचं का? तसं म्हणणारा माणूस बहुधा पगारदार असतो.

आमच्या लाइनवरचं उदाहरण घ्या. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये ठेवलं, १९४९ मध्ये गावाला नाव मिळालं. हातात काही नसलेल्या लोकांनी तिथे कारखाने उभे केले आणि हुबेहूब नकला करण्यात नाव काढलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आमच्या आधीच्या पिढीनेही ऐकलेला आहे. या विनोदावर हसताना आपण विसरतो की ज्यांना खरी जीन्स कधीच परवडली नसती त्यांना जीन्स तिथून मिळाली. माझ्या आईबाबांच्या लग्नातलं कपाटही तिथलंच, अजून दार नीट लागतं. २४९ रुपयांचा स्टँड नसता तर अनेकांना स्टँडच नसता. तकलादू वस्तू आणि काहीच नाही यांत निवड असेल तर तकलादू घेणारा माणूस मूर्ख नसतो.

हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. स्वस्त आणि डगमगतं हे एकच आहे असं आपण गृहीत धरतो. काकांकडे टॅब यायच्या आधी फोन टेकवायला काय होतं माहीत आहे? फडक्यात गुंडाळलेली वीट. फुकट, दोन-अडीच किलोची, आणि भूकंप झाला तरी हलणार नाही. वरच्या गणितात विटेचं वजन घालून बघा, बोटाला ती दाद देत नाही. मी ती वीट पहिल्याच दिवशी "काका, हे काय!" म्हणून उचलून बाजूला ठेवली होती आणि तिच्या जागी प्लास्टिकचे सहा अँगल आणले होते.

म्हणजे अडचण फक्त पैशाची नव्हती. वीट स्वस्त होती आणि मजबूतही होती, फक्त ती दिसायला चांगली नव्हती. बाजारात वस्तू हलकी, घडीची, स्लिम हवी असते, कारण ती फोटो बघून विकत घेतली जाते. वजन फोटोत दिसत नाही. काकांनी माझे दोन्ही स्टँड हातात घेतल्या घेतल्या नापास केले होते. त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी टेबलावर आपटून आवाज ऐकतात, मग खाली रबर आहे का ते चाचपतात, मग वरच्या कडेला एका बोटाने ढकलतात. अर्ध्या मिनिटात निकाल. ते तेव्हा बोलले नाहीत, कारण मी भेट म्हणून आणलं होतं. भेट देणाऱ्याला 'हे चालणार नाही' सांगणं किती कठीण असतं, हे घेणाऱ्यालाच ठाऊक. आपण दिलेल्या वस्तूबद्दल फक्त 'छान आहे' ऐकू येत असेल तर ते वस्तूचं कौतुक असेलच असं नाही.

उडी आणि कठडा

वांगणी स्टेशन देशभर माहीत झालं ते १७ एप्रिल २०२१ च्या व्हिडिओने. दृष्टिहीन आईसोबत प्लॅटफॉर्मवरून चालणारं लहान मूल तोल जाऊन रुळांवर पडलं. समोरून एक्स्प्रेस येत होती. आई हातांनी चाचपडत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून धावत आले, मुलाला वर ठेवलं आणि स्वतः अक्षरशः शेवटच्या क्षणी चढले. रेल्वेने पन्नास हजारांचं बक्षीस जाहीर केलं, त्यातले अर्धे त्यांनी त्या मुलासाठी द्यायचं ठरवलं. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेन सांगता येत नाही. त्या माणसाबद्दल आदर सोडून दुसरं काही वाटणं शक्य नाही.

पण स्टँडच्या भानगडीनंतर तो व्हिडिओ पुन्हा बघितला तेव्हा नजर प्लॅटफॉर्मच्या कडेवर गेली. त्या कडेपासून आपण लांब आहोत हे आपल्याला डोळे सांगतात. ज्यांना ते सांगत नाहीत, त्यांना पायाखालच्या फरशीने सांगायला हवं. तशा उंचवट्याच्या फरश्या असतात, असायला हव्यात, आणि त्यांवर टपरी किंवा सामान नसायला हवं. फरशीने एखाद्याला वाचवलं तर त्याचा व्हिडिओ निघत नाही, कारण काही घडतच नाही. आपण उडी मारणाऱ्याला सलाम करतो ते योग्यच आहे. पण उडीची वेळच येऊ नये म्हणून आधी ज्याने विचार केला, त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दही नाही.

मी खाली धावत जाऊन टॅब धरायचो, तीही एक लहानशी उडीच होती. त्यात मला मोठेपणा मिळायचा. चांगला स्टँड आला की माझा मोठेपणा जाणार होता. दोन स्टँड फसले तरी मी निश्चिंत का होतो, याचं हे एक कारण असेल का? मला खात्रीने नाही म्हणता येत नाही.

माझं तिकीट

आणखी एक कबुली. आमच्या टीमच्या अॅपमध्ये काही बटणांना लेबल नव्हतं. चित्र दिसतं, पण स्क्रीन रीडर लावला तर नुसतं "बटण" ऐकू येतं. कसलं, ते नाही. टेस्टिंगमध्ये हे सापडलं होतं, तिकीट तयार झालं होतं, आणि त्याला 'लो प्रायॉरिटी' लावणारा मीच होतो. रिलीज जवळ होती. मी लिहिलं होतं, "एज केस, नंतर बघू." त्या 'नंतर'ला दीड वर्षं झालं होतं.

डोळे मिटून काकांच्या टॅबवर बोट फिरवताना दुसऱ्याच एका अॅपमध्ये मी ते ऐकलं. बटण. बटण. बटण. तीन बटणं, त्यांतलं एक पैसे पाठवायचं असणार.

कायद्याच्या बाजूने बोलायचं तर आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी असून चालणार नाहीत, किमान काही निकष बंधनकारक हवेत. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण ऑनलाइन केवायसीचं होतं. खरा माणूस आहे का हे बघायला अॅप पापण्या मिटायला सांगतं, चेहरा चौकटीत धरायला सांगतं. ज्यांचे डोळे अॅसिडने गेले, ज्यांना चौकट दिसत नाही, त्यांनी काय करायचं? ते लिहिणाऱ्या इंजिनीअरच्या मनात वाईट काही नसणार. त्याने स्वतःवर टेस्ट केलं असणार, पापणी मिटली असणार आणि म्हटलं असणार, चालतंय.

मी तिकीट पुन्हा उघडलं. मीटिंगमध्ये प्रश्न आला, "असे युजर किती आहेत?" आकडा माझ्याकडे नव्हता. पण जे अॅप वापरताच येत नाही त्याच्या आकडेवारीत ते वापरू न शकणारे लोक दिसणार कसे? जिना असलेल्या इमारतीत व्हीलचेअरवाले येत नाहीत म्हणून रॅम्पची गरज नाही, असं म्हणण्यासारखं आहे हे. मी एवढं बोललो. लेबलं पुढच्या स्प्रिंटमध्ये गेली, काम दीड दिवसाचं निघालं. बाकीच्या यादीचं भांडण अजून चालू आहे.

साडेचार किलो

तिसरा स्टँड काकांनी ठरवला. म्हणाले, "आता तू ऐक. पडायचं नसेल तर आधीच आडवं ठेवलं पाहिजे."

आम्ही दोघं स्टेशनजवळच्या एका सुताराकडे गेलो. सुताराने मला विचारलं, "यांना उंची किती हवी?" काका म्हणाले, "मला विचारा, मी इथेच आहे." सुतार ओशाळला, मग त्यांच्याशीच बोलायला लागला. काकांनी वितीने मापं दिली. सुताराने एकच प्रश्न असा विचारला जो मी सात आठवड्यांत विचारला नव्हता. "रोज वापरणार की कधीमधी?"

उरलेल्या पाऊण इंची प्लायची एक पेटी झाली. खाली तळ, दोन बाजू, वर झाकण, पुढून-मागून उघडी. उंची तीस सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागद कॅमेऱ्यात पूर्ण मावतो. टॅब वर आडवा झोपतो, भोवती पट्ट्या, कॅमेऱ्यापुरतं झाकणात भोक. तळाला एका कोपऱ्यात काटकोनात दोन पट्ट्या ठोकल्या आहेत. कागद त्या कोपऱ्यात सरकवला की तो आपोआप सरळ आणि बरोबर जागी. बोटाने कितीही जोर लावा, जोर खालीच जातो. वजन साडेचार किलोच्या आसपास. दिसायला कोंबडीचं खुराडं.

पहिला फोटो काळा आला. घरात दिवाच लावलेला नव्हता, काकांना त्याची गरज नसते. मग आतून एक एलईडी पट्टी चिकटवली. काका म्हणतात, "घरात आता दिवा लागतो, पण टॅबला."

पट्टी धरून ६५० रुपये झाले. मी पाकीट काढलं तर काकांनी हात मागे सारला. "हा माझा आहे," म्हणाले. आधी मला वाटलं, उपकार नकोत म्हणून. नंतर वाटलं, कारण त्याहून साधं असेल. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूला नावं ठेवता येतात. आणि त्यांनी ठेवलीच. दोन दिवसांनी पेटी परत नेऊन एका पट्टीची धार घासून आणली, बोटाला लागत होती म्हणून.

तर, छोट्या टॅबसाठी मजबूत स्टँड कोणता घ्यावा? तळ रुंद आणि जड हवा, दांडा आखूड हवा, खाली रबर हवं. वरच्या कडेला एका बोटाने ढकलून बघा. आणि दुसऱ्यासाठी घेत असाल तर स्टार बघायच्या आधी त्या माणसाला विचारा, तुमचं बोट कुठे टेकतं, हात मोकळा असतो का, पडलं तर उचलणार कोण. याला वेळ लागतो. माझे सात आठवडे गेले, त्यातले सहा न विचारल्यामुळे.

मागच्या आठवड्यात जिन्यात पोस्टमन भेटला. त्याने काकांच्या हातात एक लांबट पाकीट दिलं. सवयीने मी पायरीवर थांबलो, की आता हाक येईल. काकांनी पाकीट उलटंसुलटं चाचपलं, मला म्हणाले, "ऑफिसला उशीर होत नाही का रे?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यात काय होतं ते मला माहीत नाही.